अतिभोजनाची बाकी

नियमनिष्ठ : माणसाने एखाद्या दिवशी भुकेपलीकडे खाल्ले, तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई त्याने केलीच पाहिजे, हे माझे जुने मत आहे, आणि ते सोडावे असे सबळ कारण मला अद्याप कोणी दाखवलेले नाही. आपल्या मूर्तिजापूर तालुक्यात नवस फेडायचा असो की शेतातला माल घरी आलेला असो, रोडग्यांचा स्वयंपाक होतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत खरपूस भाजलेला, फोडून तुपात भिजवलेला रोडगा, वांग्याची भाजी आणि वरण यांच्यापुढे भल्याभल्यांचा निग्रह टिकत नाही, आणि वाढणाऱ्याचा आग्रह असा असतो की पानावर हात आडवा धरणे म्हणजे यजमानाचा उपमर्द ठरावा. त्या पंगतीला मी दोष देत नाही. परंतु ज्या देहाला दोन रोडगे पुरेसे होते त्याने पाच स्वीकारले असतील, तर त्याच्या नावावर तिनांची बाकी निघाली, हे नाकारून कसे चालेल? एका हंगामाचा सारा पुढच्या हंगामावर ढकलणाऱ्या खातेदाराला अखेर जप्तीला तोंड द्यावे लागते. देहाची जमाबंदीही तितकीच कडक आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी लंघन, तिसऱ्या दिवशी अर्धे जेवण, आणि हिशेब चुकता झाल्यावरच नेहमीचे ताट, असा माझा दंडक आहे. त्यात देहाला छळण्याचा हेतू नाही. मोडलेल्या नियमाबद्दल काहीच किंमत मोजावी लागत नाही असे मनाला एकदा उमगले, की तो नियम नियम म्हणून उरत नाही. त्याची प्रतिष्ठा राखण्यासाठीच ही भरपाई आहे.

सौम्यमार्गी : भाऊ, नियमाविषयीचा तुमचा आदर मला मान्य आहे, परंतु ज्या वहीत तुम्ही देहाचे खाते उघडले, तशी वही देह ठेवतच नाही. मोठ्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जो वजनकाट्यावर उभा राहतो त्याला कधी कधी किलो-दोन किलोंची वाढ दिसते आणि तो हादरून जातो. ही वाढ बहुतेक पाण्याची असते. खारट पदार्थांतले मीठ पाणी धरून ठेवते. गहू, तांदूळ, साखर यांचा काही भाग यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन होऊन साठतो व त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. शिवाय कालचे अन्न अजून आतड्यांतून पुढे सरकत असते. खऱ्या चरबीचा हिशेब याहून पुष्कळ लहान आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात असे धरले, तर गरजेपेक्षा दीड हजार उष्मांक जास्त खाल्लेल्या माणसाची चरबी, ते सारे उष्मांक साठून राहिले असे मानले तरी, पाव किलोनेसुद्धा वाढत नाही. आणि वर चढलेले पाणी नेहमीच्या जेवणाखाण्याने दोन-चार दिवसांत आपोआप उतरते. म्हणजे ज्या बाकीच्या धाकाने तुम्ही लंघनाचा हुकूम काढता, तिचा आकडाच मुळात खोटा आहे. आणि या हुकमाची अंमलबजावणी कशी होते, हे आपल्या आज्यांनी एका म्हणीत सांगून ठेवले आहे : एकादशी आणि दुप्पट खाशी. सकाळी उपाशी राहण्याचा निश्चय, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि भगर, आणि संध्याकाळी, आजचा दिवस तर मोडलाच म्हणून, डब्यातले उरलेसुरले सारे. अतिभोजनाचे पहिले ताट पंगतीतले असेल. दुसरे ताट पुष्कळदा या भरपाईच्या निश्चयानेच वाढलेले असते.

नियमनिष्ठ : म्हण मार्मिक आहे, परंतु म्हणीने मुद्दा सिद्ध होत नाही. दुप्पट खाणारे जसे आपण पाहिले, तसेच वर्षानुवर्षे पंधरवड्याची एकादशी निष्ठेने पाळून द्वादशीला मोजके पारणे सोडणारे वारकरीही आपल्या गावात आहेत, आणि त्यांच्या प्रकृतीचा हेवा वाटावा अशी स्थिती आहे. तेव्हा दोष उपवासाचा की उपवास करणाऱ्याच्या शिथिलतेचा, हे आधी ठरले पाहिजे. दुसरे असे की, आमच्या विदर्भातलेच विद्वान डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी जो आहारक्रम महाराष्ट्रभर नेला, त्याचे सामर्थ्य त्याच्या स्पष्टतेत आहे : कडकडून भूक लागते त्या दोनच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावे, आणि मधल्या वेळी काही खाऊ नये. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर यांचा थोडे थोडे, पण दर दोन तासांनी खाण्याचा सल्लाही घरोघर पोचला, आणि दोन्ही पक्षांचे अनुयायी लग्नाच्या मांडवात एकमेकांशी हुज्जत घालताना मी ऐकले आहेत. कोणता क्रम शास्त्रशुद्ध, हा वाद मी येथे उकरत नाही. पण तुमचे म्हणणे खरे मानले तर दोघांचेही नियम निरुपयोगी ठरतील, कारण नियम म्हटला की त्याचा भंग आला, आणि भंगाला काही परिणामच नसेल तर दोन वेळा काय आणि दर दोन तासांनी काय, सारे सारखेच.

सौम्यमार्गी : परिणाम असतोच, पण तो आपण समजतो त्या दिशेने जात नाही, हाच तर चिंतेचा विषय आहे. १९७५ मध्ये अमेरिकेत पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींवर केलेला एक साधा प्रयोग या प्रश्नावर फार प्रकाश टाकतो. चव पारखण्याच्या निमित्ताने काहींना आधी दाट मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग सर्वांपुढे आइसक्रीम ठेवून हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. ज्या एरवी खाण्यावर निर्बंध ठेवीत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्ले, आणि हे स्वाभाविकच होते. परंतु ज्या सतत पथ्य पाळीत होत्या, त्यांनी मिल्कशेक घेतल्यावर आइसक्रीम अधिक खाल्ले. पुढच्याच वर्षी जॅनेट पोलिव्ही यांनी दाखवले की आधी दिलेल्या पदार्थात खरोखर किती उष्मांक आहेत यापेक्षा, तो भारी आहे असे खाणाऱ्याला वाटते की नाही, यावर हा उलटा परिणाम अवलंबून असतो. म्हणजे पोटाने पुरे म्हटल्यावरही ज्याने हात पुढे नेला तो पदार्थ नव्हता. नियम मोडला, आता आजचा दिवस गेला, उद्यापासून पाहू, हा विचार होता. तुमचे वारकरी या सापळ्यात सापडत नाहीत याचे कारण मला असे दिसते की त्यांची एकादशी पंचांगातून येते. काल काय खाल्ले याच्याशी तिचा काही संबंध नसतो. ती आधीपासून ठरलेली, सगळ्या गावाबरोबर पाळलेली, भजनाने भरलेली असते, आणि तिचा शेवटही तिथीने बांधलेला असतो. अतिभोजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, स्वतःविषयीच्या तिरस्काराने, एकट्याने ठरवलेल्या उपवासाला यांपैकी काहीच लाभत नाही. पहिले व्रत आहे. दुसरी शिक्षा आहे. दोन्हींत ताट रिकामेच दिसते, म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

नियमनिष्ठ : हा भेद मला महत्त्वाचा वाटतो आणि तो मी स्वीकारतो. परंतु शिक्षा म्हणून नव्हे, चिकित्सा म्हणून लंघन सांगणारी आपली परंपरा तर आहे ना? चरकाने विमानस्थानात उदराचे तीन भाग कल्पून एक घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक वातादी दोषांच्या संचाराला ठेवण्यास सांगितले. सुश्रुताने अजीर्णाचे प्रकार वर्णिले. आणि अजीर्ण झाल्यावर पुन्हा जेवू नये, असेही आचार्यांनी सांगितले आहे. तुम्ही जर दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ झाली म्हणून पुन्हा ताट वाढणार असाल, तर तडस लागलेल्या पोटावर तो अत्याचारच होईल.

सौम्यमार्गी : तेथेच आयुर्वेद तुमच्या हिशेबापासून वेगळा होतो, हे कृपा करून लक्षात घ्या. लंघन कोठवर करावे? काल किती रोडगे खाल्ले त्यांच्या संख्येवर नव्हे. ढेकर शुद्ध आली, अंग हलके वाटले, उत्साह आला, भूक आणि तहान लागली, म्हणजे आहार जिरला. तेथे लंघन संपले. एखाद्याला ती भूक दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लागेल, एखाद्याला दुपारी एकला. आणि ती लागल्यावर त्याने जेवलेच पाहिजे, मग त्याच्या मनातला अपराध फिटलेला असो वा नसो. भूक लागल्यानंतरही चालू ठेवलेले लंघन ही चिकित्सा राहत नाही. शोधनानंतर अग्नी मंद झालेला असताना पेया, विलेपी असा क्रमाक्रमाने आहार वाढवत नेण्याची जी योजना आचार्यांनी सांगितली, तिचाही आशय नेहमीच्या आहाराकडे परतण्याचाच आहे. आपल्या घरांत याचेच साधे रूप चालते : मऊ मुगाची खिचडी, ताक, आणि पुढच्या जेवणाला ज्वारीची भाकरी व एखादी पातळ भाजी. आणि ज्या चरकाचा तुम्ही आधार घेतलात, त्याच अध्यायात त्याने हेही सांगितले आहे की मापाने घेतलेले हितकर अन्नसुद्धा चिंता, शोक, भय आणि क्रोध यांनी पचत नाही. पश्चात्तापाने पेटलेल्या मनाने खाल्लेली अर्धी भाकरी मग कोणत्या पथ्यात बसवायची?

सक्तीच्या उपासमारीनंतर भुकेचे काय होते हे पाहायचे असेल, तर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस केलेला प्रयोग आठवावा. युद्धात शस्त्र धरण्यास विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले. ते निरोगी, निग्रही, ध्येयवादी होते. शिथिलतेचा आरोप त्यांच्यावर कोणी करणार नाही. तरीही बंधने उठल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी अफाट खाल्ले, आणि पोट फुटेस्तोवर भरल्यावरही भूक शमत नसल्याची तक्रार केली. उपाशी ठेवलेला देह सावकाशीने वागत नाही. तो टंचाईच्या धास्तीने वागतो. एका दिवसाच्या लंघनाची तुलना २४ आठवड्यांशी होत नाही, हे मला मान्य आहे. परंतु जो दर आठवड्याला शनिवारी अतिभोजन आणि सोमवारी उपासमार असे चक्र फिरवतो, त्याने हा धडा विसरू नये.

नियमनिष्ठ : ताई, लंघनाविषयी मी आता तुमच्याजवळ आलो आहे, भुकेला साक्षी ठेवावे, अपराधाला नव्हे, हे मला पटले. पण माझी मुख्य भीती अजून जागच्या जागी आहे. तुळशीचे लग्न लागले की मांडव पडू लागतात ते थेट ज्येष्ठापर्यंत. मध्ये बारसे, वास्तुशांत, तेरवी, देवाचा भंडारा. अधिक महिना आला की जावयाला धोंड्याचे जेवण. ज्याला दर चौथ्या दिवशी एक अपवाद आहे, त्याला नेहमीच्या जेवणाकडे परत जा असे सांगण्यात अर्थ काय? त्याचे नेहमीचे जेवण उरले आहे कोठे? बैलांमागे दिवसभर चालणाऱ्या त्याच्या आजोबांनी पाच रोडगे पचवले असतील. नातू दिवसभर खुर्चीवर बसतो आणि मोटारसायकलीने मांडवात उतरतो. देहश्रम गेले, पंगत मात्र होती तेवढीच राहिली, नव्हे, वाढली. अशा माणसाला प्रत्येक वेळी मायेने क्षमा करीत गेलात, तर एके दिवशी रक्तातली साखर तपासून येणारा कागदच त्याला खरे सांगेल. तेव्हा मला गाडगेबाबा आठवतात. दापुऱ्याला मामाच्या घरी, आपल्याच तालुक्यात, त्यांचे बालपण गेले; वडील दारूपायी अकाली गेले हे त्यांनी पाहिले; आणि स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाची मेजवानी न देता गोडाचे जेवण वाढून त्यांनी भावकीचा रोष पत्करला. त्यांनी कोणाची समजूत काढत बसण्याऐवजी पंगतीचा रिवाजच बदलला. तुमची सौम्यता हे कधी करील?

सौम्यमार्गी : गाडगेबाबांचे नाव काढलेत, तर दोन्ही बाजूंनी काढू या. कर्ज काढून लग्न आणि तिथी साजऱ्या करणाऱ्या यजमानावर त्यांनी कीर्तनातून कोरडे ओढले, हे खरे. पण ऋणमोचनच्या यात्रेत गोरगरिबांना पोटभर अन्न मिळावे म्हणून झटणारेही तेच होते, आणि भुकेल्याला अन्न हे त्यांच्या शिकवणीतले अगदी पहिले कर्तव्य होते. मागून आणलेली भाकरी स्वतः मडक्याच्या खापरात खाणाऱ्या त्या पुरुषाचा रोख जेवणाऱ्याच्या पोटभर घासावर नव्हता. त्यांचा प्रहार आग्रहाच्या व बडेजावाच्या व्यवस्थेवर होता. आणि तुम्ही ज्याला शिक्षा करू पाहता तो त्या व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला, पानावर हात आडवा धरायला लाजणारा माणूस आहे. आग्रह मोडायचा असेल तर तो वाढणाऱ्याच्या हातात मोडू या. एकदा नको म्हटल्यावर पुन्हा वाढू नये, ही साधी रीत दहा घरांनी पाळली, तरी लंघनाच्या शंभर निश्चयांपेक्षा अधिक काम होईल. येथे मी तुमच्याहून कठोर आहे.

परंतु आपण इतका वेळ फक्त पंगतीतल्या अतिभोजनाविषयी बोलत आहोत. तेथे निदान चार लोकांचा सहवास आणि हसणेखिदळणे असते. दुसरे एक अतिभोजन घराच्या बंद स्वयंपाकघरात घडते आणि ते कोणाच्या दप्तरी लागत नाही. सर्वांचे वाढून झाल्यावर शेवटी बसणारी बाई, टाकून कसे द्यायचे म्हणून तिघांचे उरलेले एकटी संपवते. दिवसभराच्या कष्टानंतर आणि बोलण्यांनंतर तेवढाच तिचा विसावा असतो. परीक्षेत नापास झालेला मुलगा, नोकरीवरून कमी केलेला गृहस्थ, नुकतेच कुंकू पुसलेली सून, यांच्यातही असे खाणारे असतात. वेगाने, चवीकडे लक्ष नसताना, थांबता येत नाही या भीतीसह, आणि नंतर लाजेने. या अवस्थेला वैद्यकाने आता नाव दिले आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र विकार म्हणून स्थान दिले, आणि असे प्रसंग सरासरीने आठवड्यातून एकदा याप्रमाणे तीन महिने घडत राहिले तर त्याकडे विकार म्हणून पाहावे, अशी मर्यादा घातली. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी जी उपचारपद्धती बसवली, तिच्यात आरंभीच काय सांगतात? खाणे कमी करा असे नाही. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी ठरावीक वेळी घ्या, आणि जागेपणी दोन खाण्यांत चार तासांहून फार अंतर पडू देऊ नका. अतिभोजन झाल्यानंतरसुद्धा पुढचे ठरलेले खाणे चुकवू नका. हे ऐकायला सोपे, आणि लाजेने व्याकूळ झालेल्या माणसाला करायला विलक्षण अवघड आहे.

नियमनिष्ठ : जे रुग्ण आहेत त्यांच्यासाठी मी माझा दंडक आनंदाने मागे घेतो. परंतु प्रत्येक तुंबडी भरणाऱ्याला विकाराचा दाखला देऊन मोकळे करणे हाही अन्यायच आहे; त्याने त्याचे कर्तेपण हिरावले जाते. शिवाय पथ्याने अतिभोजन वाढतेच असेही नाही. स्थूल प्रकृतीच्या लोकांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मापाने आणि दीर्घकाळ कमी आहार दिला असता त्यांचे अनावर खाणे बहुधा कमी होते, वाढत नाही, असे अशा कार्यक्रमांच्या अभ्यासांत आढळले आहे. प्रयोगशाळेतल्या एका दुपारच्या आइसक्रीमवरून संपूर्ण नियमबद्ध जीवनाविरुद्ध निकाल देता येणार नाही.

सौम्यमार्गी : आपल्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. पण त्या कार्यक्रमांत नियम असतो त्याबरोबरच देखरेख करणारा माणूस असतो, आठवड्याची भेट असते, चुकले तर पुढे काय करायचे ते आधीच ठरलेले असते, आणि नियमात थोडी लवचीकताही असते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत नियमाचा फक्त कडकपणा येतो. सोबतीची माणसे येत नाहीत. मग चुकलेल्या माणसाजवळ स्वतःच्या मनातल्या धिक्काराखेरीज काही उरत नाही. २००७ मध्ये क्लेअर ॲडम्स आणि मार्क लिअरी यांनी पथ्यवाल्या विद्यार्थिनींना आधी डोनट खायला दिला, आणि त्यांच्यापैकी काहींना सांगितले की असे सगळेच खातात, यावरून स्वतःला फार बोल लावू नका. ज्यांना हे ममतेचे चार शब्द ऐकायला मिळाले, त्यांनी नंतर समोर ठेवलेली मिठाई कमी खाल्ली. तुमच्या भीतीप्रमाणे त्यांनी सवलतीचा फायदा उठवायला हवा होता.

नियमनिष्ठ : एका तासाच्या प्रयोगात ममतेने हात आवरला, वर्षभराच्या लग्नसराईत ती आवरील काय, हे त्यावरून समजत नाही. मी आपल्यापुढे एक मध्यम प्रस्ताव ठेवतो. घडलेल्या जेवणाला पूर्ण माफी द्यावी. पण त्याची नोंद मात्र व्हावी. किती उष्मांक गेले याची नव्हे. कोठे, कोणाच्या आग्रहाने, कोणत्या मनःस्थितीत, आधी किती वेळ उपाशी असताना, एवढेच चार शब्द. महिन्याकाठी ती पाने उलटली की अपवाद आहे की वहिवाट झाली आहे, हे कोणी न सांगता कळेल. माफीने बाकी रद्द करावी, पण दप्तर जाळू नये.

सौम्यमार्गी : फेअरबर्न यांच्या पद्धतीतही अशी नोंद असते, तेव्हा तत्त्वतः मी सहमत आहे, माझ्या अटी दोन. ती वही ज्याची त्यानेच ठेवावी. सासूने सुनेच्या आणि आईने वयात आलेल्या मुलीच्या ताटाची हजेरी घेऊ लागणे हा सुधारणेच्या नावाखाली चालणारा जुलूम आहे, आणि त्याने चोरून खाण्याचीच सवय लागते. दुसरी अट अशी की मोजणे हेच ज्याचे दुखणे होऊन बसले आहे, त्याने एकट्याने वही उघडू नये. त्याने जाणत्या डॉक्टराकडे जावे. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने कालच्या जिलबीची भरपाई म्हणून डॉक्टरांना न विचारता आजचे जेवण चुकवू नये. औषध अंगात आणि अन्न पोटात नाही, अशा स्थितीत साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. या माणसाच्या बाबतीत तुमचा दंडक शब्दशः प्राणावर बेतेल.

नियमनिष्ठ : ते निर्विवाद आहे. तरीही, या सर्व तडजोडींनंतर, मला छळणारा मूळ प्रश्न असा उरतो : पंगतीनंतरच्या सकाळी जो मनाशी म्हणतो की झाले ते झाले, आज वेळेवर जेवू, दुपारी थोडे चालू, रात्री नीट झोपू, तो स्वतःला उदारपणे क्षमा करीत आहे की केवळ डोळे झाकून घेत आहे? दोघांचे शब्द तेच असतात. त्या दिवशीचे वर्तनही तेच असते. बाहेरून पाहणाऱ्याला भेद दिसत नाही आणि आतून पाहणारा स्वतःचाच पक्षकार असतो.

सौम्यमार्गी : माझ्याजवळ याची खात्रीची कसोटी नाही. काही खुणा सांगू शकते. जो कालची गोष्ट जवळच्या माणसाला सरळ सांगू शकतो, तो बहुधा डोळे झाकत नाही. ज्याचे पुढचे जेवण भुकेने येते, धास्तीने किंवा हावेने नव्हे, तो बहुधा वाटेवर आहे. परंतु याच खुणा तुमच्या नियमनिष्ठालाही लावून पाहा : उपवास करणारा तो देहाला विसावा देत आहे की स्वतःचा सूड घेत आहे, हे तरी बाहेरून कोठे दिसते? तुमच्या मार्गात क्रौर्य लपते, माझ्या मार्गात आळस लपतो. आणि दोघांनाही आपापला दोष सद्गुणासारखा भासतो.

नियमनिष्ठ : तर मग प्रत्येकाने आपल्या स्वभावाच्या विरुद्ध बाजूचा सल्ला घ्यावा, असे म्हणावे काय? स्वतःला झोडपणाऱ्याने तुमच्याकडे यावे, आणि स्वतःला नेहमी सवलत देणाऱ्याने माझ्याकडे.

सौम्यमार्गी : म्हणावे, पण त्यातही अडचण आहे. एकच माणूस पंगतीत स्वतःला सवलत देतो आणि रात्री अंथरुणात स्वतःला झोडपतो. पहाटेपर्यंत त्याची बाजू दोनदा बदललेली असते. त्याला कोणत्या घटकेला तुमची गरज आहे आणि कोणत्या घटकेला माझी, हे त्याच्या वतीने आपण ठरवू शकत नाही. एवढे मात्र मी आता नक्की म्हणेन, की अतिभोजनानंतरचे पहिले जेवण हे कालच्याबद्दलचे असू नये. ते आजच्या भुकेबद्दलचे असावे. आणि कालच्याविषयी जे काही ठरवायचे ते पुढच्या पंगतीचे आमंत्रण स्वीकारण्यापूर्वी, पोट भरलेले नसताना आणि रिकामेही नसताना ठरवावे.

नियमनिष्ठ : आणि ते ठरवताना कठोर व्हायला तुमची हरकत नाही?

सौम्यमार्गी : आमंत्रणाच्या बाबतीत, आग्रहाच्या बाबतीत, आपल्या घरी वाढल्या जाणाऱ्या ताटाच्या बाबतीत मुळीच नाही. घडून गेलेल्या घासाच्या बाबतीत मात्र माझी हरकत शेवटपर्यंत राहील. आणि तुमची शंकाही तशीच राहावी, कारण ती नसेल तर माझ्या क्षमेवर लक्ष ठेवायला कोणीच उरणार नाही.